जाहिरातीत लिहा, पगार कधी होतो ते

‘विद्यापीठांत संशोधन साहाय्यकांच्या जागा निघतात, पण मुलेच फिरकत नाहीत’ हे पत्र वाचले. ते मुळीच पटले नाही. लातूर-नांदेडची मुले रात्रीच्या एसटीने पुण्याला येतात, मूळ प्रमाणपत्रांची फाइल छातीशी धरून सकाळी दहाच्या थेट मुलाखतीला रांगेत उभी राहतात. जाहिरातीत मात्र ठरलेली ओळ असते: प्रवासभत्ता मिळणार नाही.

पत्रलेखकांनी वाढीव विद्यावेतनाचा दाखला दिला आहे. १ जानेवारी २०२३पासून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती ३१ हजारांवरून ३७ हजार झाली, पीएचडीनंतरच्या रिसर्च असोसिएटला ५८ हजारांपासून पुढे मिळतात, हे खरेच. पण कागदावरचा आकडा खात्यात पडायला हवा ना! आधीच्या हप्त्याचे विनियोग प्रमाणपत्र अडकले की पुढचा निधी थांबतो आणि पगारही. मी एका प्रकल्पावर असताना आमचे पगार असेच महिनोन्‌महिने रखडले. घरमालक थांबत नाही. शिवाय प्रकल्प संपला की नोकरीही संपते.

विद्यापीठांनी प्रकल्पातील साहाय्यकांच्या पगारासाठी फिरता निधी ठेवावा आणि नेमणूक नेमकी किती महिन्यांची, हे जाहिरातीतच छापावे, ही कळकळीची विनंती.

– एक माजी प्रकल्प साहाय्यक, पुणे