आवड आहे, मैदान कुठे आहे?

कष्टकऱ्यांच्या पोरांना खेळाची, मोकळ्या हवेची आवडच नाही, असे सांगणारे विद्वान आजही भेटतात. आम्ही विचारतो, बाळू पालवणकरांना काय कमी आवड होती? 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणाऱ्या या चर्मकार गोलंदाजाला पुण्यात चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच दिले गेले नाही. धाकटे बंधू विठ्ठल यांना ते 1923 मध्ये मिळाले.

आज भांडे वेगळे नाही, मैदानच गायब आहे! 1991 च्या नियमाप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागेसाठी महापालिकेला मिळायचा होता. 2001 मध्ये सरकारने नियम फिरवला: वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची, शेडखालची सारी मालकाची. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. लालबाग-परळच्या टॉवरांत आता तरणतलाव आहेत, जॉगिंगची वाट आहे, आणि फाटकावर वॉचमन. चाळीतली पोरे पुलाखाली चेंडू मारतात. त्यांच्या बहिणींना तर तेवढीही जागा नाही.

गिरगावच्या चाळींपासून चालत जाण्याच्या अंतरावर, मरीन ड्राइव्हला, सरकारी जमिनीवर भाडेपट्ट्याने जिमखाने उभे आहेत. पट्ट्यांचे नूतनीकरण करताना सरकारने एक अट घालावी: रोज सकाळी दोन तास मैदान महापालिका शाळांच्या मुलामुलींना.