परिवीक्षेचा सौदा

गुन्हेगारांच्या व्यवस्थापनाचे विधेयक ब्रिटिश पार्लमेंटपुढे आणले ते हुजूर पक्षाने नव्हे, मजूर पक्षाच्या सरकारने. समाजवादी कार्यकर्त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवूनच त्या वादविवादाकडे पाहिले पाहिजे. १९०७ च्या कायद्याने तेथील परिवीक्षा अधिकाऱ्यावर कामगिरी सोपविली होती ती अपराध्याला सल्ला देण्याची, साहाय्य करण्याची आणि त्याचा मित्र होण्याची. भारताच्या १९५८ च्या परिवीक्षा कायद्यातही सल्ला, साहाय्य व रोजगार मिळवून देण्याचा प्रयत्न ही कर्तव्ये आहेत. बरोबर शंभर वर्षांनी, २००७ साली, त्याच पार्लमेंटने परिवीक्षा ही विकत घेण्याजोगी सेवा ठरविली. मंत्र्याने ती सरकारी मंडळाकडून घ्यावी, स्वयंसेवी संस्थेकडून घ्यावी, नाहीतर नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीकडून!

गृहमंत्री जॉन रीड यांचे म्हणणे असे की, सुटलेले अपराधी फार मोठ्या संख्येने पुन्हा गुन्ह्याकडे वळतात. स्पर्धा आली की काम सुधारेल. यातील पहिले विधान खरेच होते. दुसऱ्याला आधार होता तो केवळ श्रद्धेचा. परिवीक्षा कर्मचाऱ्यांच्या 'नापो' या संघटनेने विरोध केला, मजूर पक्षाचे अनेक सभासदही सरकारविरुद्ध गेले. तेव्हा न्यायालयांना साहाय्य करण्याचे काम पार्लमेंटच्या संमतीवाचून खासगी हाती जाणार नाही, एवढी सवलत पदरात पडली. बाकी दार सताड उघडे राहिले.

त्या दारातून हुजूर–उदारमतवादी संयुक्त सरकारचे न्यायमंत्री ख्रिस ग्रेलिंग आत शिरले. खासगीकरणासाठी त्यांना नवा अधिकार मागावा लागला नाही. मजूर पक्षाचाच कायदा पुरला. २०१४ मध्ये इंग्लंड व वेल्समधील ३५ परिवीक्षा न्यास मोडण्यात आले. अधिक धोक्याचे अपराधी सरकारी सेवेकडे राहिले, उरलेले २१ कंपन्यांच्या स्वाधीन झाले. वर्षाहून कमी शिक्षा भोगून सुटणाऱ्या प्रौढांनाही देखरेखीखाली आणण्याचा त्याच वर्षीचा निर्णय, निदान हेतूने, स्वागतार्ह होता. त्यांना पूर्वी कोणी विचारीत नसे. पण त्यांना सोपविले कोणाकडे? अपेक्षेइतकी प्रकरणे येईनात, उत्पन्न घटले, तशी कंपन्यांनी माणसे कमी केली. ना घर, ना काम अशा स्थितीत तुरुंगाबाहेर पडलेल्या माणसाच्या वाट्याला काही ठिकाणी केवळ दूरध्वनी आला, तोही आठवड्यांच्या अंतराने. याला मैत्री म्हणावयाचे काय?

२०१९ मध्ये मुख्य निरीक्षक ग्लेनिस स्टेसी यांनी ही रचना दुरुस्तीपलीकडे सदोष असल्याचा निर्वाळा दिला. त्याच वर्षी ठेकेदारांपैकी एक कंपनी दिवाळखोरीत गेली. जून २०२१ मध्ये सर्व देखरेख पुन्हा सरकारी सेवेकडे आली, आणि ती आणली हुजूर पक्षाच्याच सरकारने. २००७ चा कायदा मात्र रद्द झालेला नाही. बाहेरच्या संस्थांशी करार करण्याचा मंत्र्याचा अधिकार त्यात अद्याप शाबूत आहे.