आंबोलीचे बेट

परवा नातवाने मोबाईलवर एका अजगराचे चित्र दाखवले. डोळे पांढरेशुभ्र! इंडोनेशियात सावू नावाचे छोटे बेट आहे, हा अजगर फक्त तिथलाच. १९५६ साली शास्त्रात त्याची नोंद झाली, आणि आता दूरदेशीचे हौशी लोक तो पाळायला विकत घेतात. "आजोबा, आपल्याकडे असलं काही नसतंच," नातू म्हणाला. राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत नसते हे खरे, पण मला आंबोली आठवली.

बेटाला चहूबाजूंनी पाणीच लागते असे नाही, हे मात्र भूगोल शिकवताना मी कधी सांगितले नाही. आंबोलीचा उघडा कातळ म्हणजे डोंगरमाथ्यावरचे बेटच. तिथे अंगठ्याएवढा, वाघासारखे पिवळसर पट्टे असलेला एक भेक राहतो. आंबोली परिसर हेच त्याचे जग. एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी २००९ साली त्याला शास्त्रीय नाव दिले, झँथोफ्राइन टायग्रिना. त्याचा भाऊबंद कोयनेचा, तो १९६३ पासून माहीत आहे. पहिल्या पावसात हे भेक एकदम बाहेर पडतात आणि कातळावरच्या बोटभर पाण्यात अंडी घालतात. पावसाने दडी मारली की डबके आटते, पिल्ले संपतात. आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे.

आता गंमत पाहा, नेमके त्याच दिवसांत आपणही आजऱ्यावरून आंबोलीला धावतो. काही वर्षांपूर्वी जूनमध्ये आम्हीही गेलो होतो. धबधबा, कणसे, भजी सगळे झाले. परतताना अंधार पडला. दिव्यांच्या उजेडात रस्त्यावर काहीतरी टणाटण उडत होते. ड्रायव्हरने गाडी हळू केली, तर मीच म्हणालो, "चल रे, बेडूक आहेत!" जन्मभर मुलांना भूतदया शिकवलेला मास्तर मी. ते कोणते बेडूक होते, देव जाणे.

हिरण्यकेशीच्या कुंडात नवा मासा सापडला आणि २०२१ साली सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. छान झाले. पण कुंडापाशी देव आहे, म्हणून राखणारे हातही आहेत. कातळाला कोण? सातबाऱ्यावर तो पोटखराबा!

कोकणात उतरणारा रस्ता रात्री बंद ठेवा, असे मी म्हणणार नाही. एसटी आहे, आजारी माणसे आहेत. पण नुसत्या मौजेला आलेल्यांनी पहिल्या पावसाच्या आठवड्यात तरी अंधाराआधी परतावे, असा नियम करायला काय हरकत आहे? हॉटेलवाले रागावतील. रागावोत बापडे.

नातवाला म्हटले, यंदा सकाळी जाऊ आणि चारला निघू.

"मग तो बेडूक कसा दिसणार?"

"नाही दिसणार," मी म्हणालो. तो जरा खट्टू झाला.