वॅट म्हणजे सूर नव्हे

मागच्या हिवाळ्यात नगरला गिटार वाजवली. (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच बसलंय.) सावेडीतला एक छोटा हॉल, शंभरेक माणसं आणि मी. आठवडाभर कोड लिहिणारा आणि शनिवार-रविवार फ्लामेंको घोटणारा हौशी माणूस. साउंडवाल्याने गिटार बघितली आणि म्हणाला, "साहेब, टेन्शन नाही. दोन हजार वॅट लावलेत. चौक हादरेल!"

चौक हादरला की नाही माहीत नाही. गिटार मात्र मेली.

फ्लामेंको म्हणजे दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियाची कला. गिटारला तारा नायलॉनच्या. बोटं एकामागून एक उलगडत तारांवर फेकायची, तो रास्गेआदो. आणि मधूनच बोटाने गिटारच्या लाकडावर टकटक करायची, तो गोल्पे. थोडक्यात, तार आणि ताल एकाच वाद्यात. त्या दिवशी प्रत्येक गोल्पेला सबवूफरमधून 'धप्प', जणू कोणी माळ्यावर गव्हाचं पोतं आपटतंय. आणि रास्गेआदो? पत्र्यावर गारा!

कार्यक्रमाला मामा आले होते. नेवाशाकडचे, सप्ताहात पखवाज वाजवत आयुष्य गेलेलं. मी कुरकुर सुरू केल्यावर म्हणाले, "अरे, तुझं काय घेऊन बसलास? मी कणीक कमी-जास्त करत पखवाज सुरात आणतो, आणि तुमचा तो माणूस एक बटण फिरवून दोन सेकंदात मोडतो."

तर मंडळी, माझा खरा राग इथे आहे. साउंडवाल्यावर नाही, तो बिचारा आपण मागतो ते देतो. राग आहे आपल्यावर. अॅम्प्लिफायर ठरवताना आपण एकच प्रश्न विचारतो: किती वॅट? प्रोग्रॅम चुकीचं उत्तर देतोय म्हणून रॅम वाढवणाऱ्याला आपण ऑफिसात हसतो. मग हॉलमध्ये तेच का करतो?

थोडं गणित. पॉवर दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल वाढतात. ६० वॅटचे ६०० केले तर १० डेसिबल, म्हणजे कानाला साधारण दुप्पट. दहापट पैसा, दहापट उचलाउचल आणि आवाज दुप्पट. शिवाय पुढच्या रांगेचे कान किटले तरी मागच्या रांगेला शब्द लागत नाही ते नाहीच. त्यापेक्षा हॉलच्या मध्यावर एक छोटा स्पीकर जास्त लावा.

मग वॅट नाही तर बघायचं काय? माझ्या मते पहिली गोष्ट म्हणजे इनपुट. गिटारच्या ब्रिजखाली बसवलेला साधा पिझो पिकअप नाजूक प्रकृतीचा असतो. त्याला किमान १ मेगाओहमचं इनपुट लागतं, जास्त असेल तर उत्तम. तो थेट सभेच्या अॅम्प्लिफायरच्या माइक इनपुटमध्ये खुपसला की खालचे सूर गळून पडतात आणि उरतो तो डबा. दुसरी गोष्ट, माइक. लाकडाचा आवाज हवेतून येतो, तो हवेतूनच पकडावा लागतो. म्हणून दोन चॅनेल हवेत: एक पिकअपचं, एक ४८ व्होल्ट फँटम पॉवर देणारं कंडेन्सर माइकचं. माइक गिटारच्या मानेच्या सांध्याकडे, वीतभर अंतरावर. तिसरी गोष्ट, शिट्टीचा बंदोबस्त. गिटारची पोकळी साधारण १०० हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते आणि स्पीकर तिला आणखी चिथावतो. तेवढीच फ्रिक्वेन्सी कापणारा नॉच फिल्टर आणि फेज उलटवणारं बटण असलं की निम्मी भांडणं मिटतात.

आणि कृपा करून इलेक्ट्रिक गिटारचा अॅम्प आणू नका. त्याचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर मान टाकतो, आणि नखांची सगळी चमक तर तिथेच असते. अकूस्टिक वाद्यांसाठी बनलेला, ट्वीटर असलेला ६० वॅटचा खोका एका हातात उचलून शंभर माणसांच्या हॉलला पुरतो.

आता कोणीतरी म्हणणारच, "हॉलचं ठीक आहे, जत्रेत काय करणार?" रास्त प्रश्न. जनरेटर घरघरतोय, पलीकडे पाळणा फिरतोय, तिथे ६० वॅट हरतील. पण तिथेही हाच खोका आधी ठेवा, त्यातला नीट घडलेला आवाज लाइन-आउटमधून मोठ्या सिस्टीमला द्या आणि सबवूफरकडे जाणारी वाट बंद करा. मोठा आवाज चालेल. खोटा आवाज नको.

आपल्याच जिल्ह्यातल्या संगमनेरचा अनंत फंदी (१७४४–१८१९). वीज नाही, माइक नाही, तरी त्याच्या शाहिरीला माणसं जमत होती. जुनं ते सोनं असं मला म्हणायचं नाही, मी स्वतः प्लग लावूनच वाजवतो. पण अॅम्प्लिफायरचं काम एकच: पहिल्या रांगेला जे ऐकू येतं, तेच शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणं. त्यात स्वतःचं काही घालणं नव्हे.

मार्चमध्ये मामांच्या गावी सप्ताहाला गेलो तेव्हा माझा छोटा खोका आणि एक माइक नेला होता. पखवाजापुढे माइक ठेवला, बास आहे तसा सोडला आणि मांडवात मागे जाऊन उभा राहिलो. मामांनी थाप मारली, थबकले, स्पीकरकडे बघितलं आणि पुन्हा वाजवायला लागले.

त्या दिवशी कणीक ऐकू आली.