गारद्यांच्या हाती किल्ल्या

परवा पुतण्या आला होता. हिंजवडीत नोकरी, दूरवरचे सर्व्हर घरबसल्या सांभाळायचे. तक्रार अशी की, "काका, थेट लॉगिन बंद केलंय. आधी एका मधल्या मशीनवर जा, मग तिथून आत. दोनदा दार ठोठवायचं, उगाच ताप!"

मंडळी, मी मराठी घेऊन बी.ए. झालेला मास्तर. पण कुलूप-किल्ली मलाही कळते. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला एवढाले अणकुचीदार खिळे, आणि त्याच्याच एका फळीत छोटी दिंडी. वाकून, एकेकाने आत यायचं. हे मधलं मशीन म्हणजे तीच दिंडी. बाकीचे सर्व्हर बाहेरून दिसतच नाहीत. पन्नास दारांऐवजी एकाच दारावर पहारा, यात ताप कसला?

माझं भांडण वेगळंच. बोलता बोलता कळलं की त्या मशीनचा पासवर्ड सगळ्यांना मिळून एकच! आणि पासवर्डऐवजी चालणाऱ्या ज्या गुप्त फायली, ज्यांना हे लोक किल्ल्याच म्हणतात, त्याही सोयीसाठी तिथेच ठेवलेल्या. आता बोला. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावांना मारणारे गारदी पेशव्यांच्याच चाकरीतले होते ना? ते एक मशीन चोराच्या हाती पडलं की सगळा वाडा त्याचा.

बरं, उपाय नाही असंही नाही. ओपनएसएसएचमध्ये २०१६ पासून प्रॉक्सीजंप आहे. किल्ली आपल्याच संगणकावर राहते, मधलं मशीन टपाल्यासारखं बंद पाकीट पुढे पोचवतं, त्याला आतलं वाचता येत नाही. शिवाय माणसागणिक वेगळी किल्ली हवी, नोकरी सोडली की त्याच दिवशी रद्द. आणि कोण कधी आलं याची वही दुसरीकडे ठेवायची, नाहीतर चोर जाताना पान फाडून नेणार.

"आम्ही छोटे, आमच्याकडे कोण येतंय?" म्हणाला. अरे, ११ ते १३ ऑगस्ट २०१८, याच पुण्यात कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी गेले, बरेचसे २८ देशांतल्या एटीएममधून. तिजोरी कुणी फोडली नाही. बँकेच्या यंत्रणेच्या जागी चोरांची नकली यंत्रणा "द्या पैसे" म्हणत होती.

किल्ल्या कधी हलवणार, विचारलं. "पुढच्या रिलीजनंतर बघू."

वहिनी हा ब्लॉग वाचतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.