गेटवरचा स्वयंपाकी

जबलपूर फौजी माणसाला नवं नाही. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स यांची रेजिमेंटल सेंटर्स इथे, सिग्नल्सचं ट्रेनिंग सेंटर इथे, १९०४ सालची गन कॅरेज फॅक्टरी इथे. आमच्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी इथल्या मेसचं मीठ खाल्लेलं असतं. गेल्या डिसेंबरात मी ड्यूटीवर इथे आलो, काम आटोपलं, दोन दिवसांची रजा हातात होती. पत्नीलाही बोलावून घेतलं. म्हटलं, या खेपेला मेस नको, गेस्ट रूम नको, चार पैसे खर्च करून 'बुटीक हॉटेल' म्हणतात ते काय असतं ते बघू.

भोपाळच्या रस्त्याला भेडाघाटचा फाटा मागे टाकून शहपुऱ्याच्या दिशेने गेलं की शेतात एक लहानसं हॉटेल लागतं. आठ खोल्या. कौलारू छप्पर, भिंतीवर गोंड चित्रं, पितळी घंगाळात झेंडूची फुलं. खोली स्वच्छ, गरम पाणी वेळेवर. तक्रार करावी असं काही नव्हतं. रात्री जेवायला बसलो आणि मेन्यू हातात आला. पनीर बटर मसाला, दाल मखनी, हक्का नूडल्स, मटर पनीर. चंडीगडला, पुण्याला किंवा विमानतळावर जे मिळतं तेच.

मटर पनीर मागवलं. मटार फ्रीजरमधले होते. जबलपूरचा मटार देशभर जातो, आणि हिवाळ्यात या भागात जाल तिथे मटारची शेतं दिसतात. आमच्या खिडकीतूनही दिसत होतं. खिडकीबाहेर मटार आणि ताटात बर्फातला मटार! पत्नी हसली. मला मात्र हसू येईना.

जेवणानंतर शतपावली करत गेटपर्यंत गेलो. तिथल्या सिक्युरिटी गार्डने टाचा जुळवून 'राम राम साहब' म्हटलं. ती टाच कुठे शिकवतात ते आपल्याला सांगावं लागत नाही. विचारपूस केली. शेजारच्या नरसिंहपूर जिल्ह्यातला माणूस, पेन्शनीवर येऊन पाच वर्षं झालेली. ट्रेड विचारला. म्हणाला, "कुक था साहब. बीस साल मेस में."

वीस वर्षं मेसमध्ये रांधलेला माणूस गेटवर काठी घेऊन उभा, आणि आत ज्याला शेजारचा मटार दिसत नाही असा कोणीतरी आमचं जेवण करतोय. हे कसं झालं, असं मी त्याला विचारलं.

त्याने जे सांगितलं ते तुम्हा निवृत्तांना परकं वाटणार नाही. गार्डची नोकरी तयार मिळते. माजी सैनिक म्हटलं की कोणी दुसरा कागद मागत नाही. स्वयंपाकाच्या नोकरीसाठी दोन ठिकाणी गेला, तर मालकाने विचारलं, हॉटेलचा अनुभव किती? एका ठिकाणी विचारलं, एका प्लेटला खर्च किती येईल ते काढता येतं का? याला येईना. कसं येणार? फौजेत रेशन मापाने डेपोतून येतं. दोनशे माणसांचं जेवण बर्फात रॉकेलच्या स्टोव्हवर वेळेत काढणाऱ्या या माणसाने युनिटसाठी किलोभर तूरडाळही कधी स्वतः घासाघीस करून विकत घेतली नव्हती.

इथे मला माझी चूक आठवली. मी युनिट कमांड करत असताना एक कुक निवृत्त झाला. उंचावरच्या पोस्टवर त्याच्या हातची गरम खिचडी खाऊन आम्ही दोन हिवाळे काढले होते. त्याच्या कागदांवर मी सही केली. चारित्र्य : अनुकरणीय. निरोपाचा बडाखाना झाला, हार घातला, घड्याळ दिलं. तो काय रांधू शकतो, किती लोकांसाठी, कसल्या परिस्थितीत, याची एक ओळही मी लिहून दिली नाही. आता तो कुठल्या गेटवर उभा आहे, मला माहीत नाही.

दरवर्षी तिन्ही दलांतून साठ हजारांच्या आसपास लोक निवृत्त होतात, आणि त्यातले बहुतेक पस्तीस ते पंचेचाळीसच्या वयाचे असतात. सैन्य तरुण ठेवायचं तर हे होणारच. पुनर्वसन महासंचालनालय अभ्यासक्रम चालवतं, सिक्युरिटी एजन्सींना काम मिळवून देतं, आणि त्यावर हजारो घरं चालतात. गार्डच्या नोकरीला मी कमी लेखत नाही. ती इमानाची भाकरी आहे. पण प्रत्येक फौजी म्हणजे गार्डच, ही समजूत समाजाची आहे तशीच आपलीही आहे. कुक, सुतार, न्हावी, मेकॅनिक, वायरलेस ऑपरेटर, सगळे एकाच गणवेशात गेटवर उभे करून आपण मोकळे होतो. २०२२ पासून अग्निवीर भरती सुरू झाली. चार वर्षांनंतर तुकडीतले जास्तीत जास्त २५ टक्केच पुढे राहणार. बाकीचे ऐन पंचविशीत घरी येतील. त्यांच्यासाठी किती गेटं पुरवणार?

मला वाटतं, कुकला निवृत्तीआधी पुन्हा स्वयंपाक शिकवायची गरज नाही. त्याला बाजार शिकवा. खरेदी, हिशेब, एका ताटाची किंमत, अन्न परवान्याचा कागद. आणि कमांडिंग ऑफिसरने 'अनुकरणीय'च्या पुढे चार ओळी लिहाव्यात. त्याला पैसा लागत नाही, दहा मिनिटं लागतात.

हॉटेलवाल्यांनाही एक सांगणं आहे. आठ खोल्यांचं हॉटेल मोठ्या हॉटेलांशी मेन्यूच्या लांबीत स्पर्धा करू शकत नाही. त्याच्याकडे गाव असतं, तेच त्याचं भांडवल. इथून जवळच गाडरवाऱ्याची तूरडाळ आहे, करेलीचा गूळ आहे. जबलपूरची खव्याची जिलेबी आहे. पाहुणा भेडाघाटचे संगमरवरी कडे बघायला येतो तो दाल मखनीसाठी नाही.

दुसऱ्या संध्याकाळी त्या गार्डची ड्यूटी संपल्यावर आम्ही त्याच्या खोलीमागे बसलो. त्याने गोवऱ्यांच्या निखाऱ्यात गक्कड भाजले. आपल्याकडच्या बट्टीचा हा भाऊ. वांगी, टोमॅटो त्याच आगीत टाकून भरीत केलं, वर शेतातले कोवळे मटार चुरडून घातले, गक्कड तुपात बुडवले. पत्नीने दोनदा मागून घेतलं. वासाने आतल्या खोलीतलं एक कुटुंब बाहेर आलं आणि विचारू लागलं, हे मेन्यूत कुठे आहे? मालकही येऊन उभा राहिला. तरुण मुलगा आहे, वाईट नाही. म्हणाला, "ये तो हमने कभी पूछा ही नहीं."

मी त्याला काही बोललो नाही. विचारलं तर मीही नव्हतं.

परत आल्यावर जुन्या युनिटला फोन करून त्या कुकचा पत्ता मागवला आहे. उशीर झालाय, पण त्या चार ओळी लिहून पाठवणार आहे. वाचणाऱ्यांत जे अजून सेवेत आहेत त्यांनी एवढा उशीर करू नये.

जय हिंद.