टेम्पोच्या अंगावरचं गणित

दोस्तांनो, घाटकोपरला लालबहादूर शास्त्री मार्गावर सिग्नल लागला, की शेजारी उभ्या असलेल्या टेम्पोकडे जरा नीट बघा. मागचं 'हॉर्न ओके प्लीज' सगळेच वाचतात. तुम्ही बाजूला रंगवलेले बारीक आकडे शोधा. एकाच्या आधी 'यूएलडब्ल्यू' असतं. ते रिकाम्या गाडीचं वजन. दुसऱ्याच्या आधी 'आरएलडब्ल्यू' किंवा 'जीव्हीडब्ल्यू' असतं. ते माल आणि माणसं धरून गाडीला परवानगी असलेलं जास्तीत जास्त वजन.

समजा, हे आकडे १७०० आणि ३००० किलो आहेत. वजाबाकी केली, उरले १३००. वाशीच्या बाजारातून ५० किलोचं एक अशी कांद्याची पोती आणायची, तर २६ पोती बसतील ना? नाही! ड्रायव्हर आणि क्लीनरही त्या १३०० मध्येच आले. दोघांचे मिळून १२० किलो धरा आणि पुन्हा गणित करा. (उत्तर २३. चोविसावं पोतं ढकलून बसवायचं नाही!) याच टेम्पोत थर्माकोल भरला, तर तो टपापर्यंत भरलेला दिसेल, पण वजन जेमतेम. म्हणजे नुसतं डोळ्यांनी बघून काही कळत नाही.

म्हणून सरकार मालगाड्यांचे वर्ग दुसऱ्या आकड्यावरून ठरवतं. ३५०० किलोपर्यंत एन-१, १२,००० पर्यंत एन-२, त्यापुढे एन-३. माणसं नेणाऱ्या गाड्यांत आधी आसनं मोजतात. ड्रायव्हर सोडून आठपर्यंत आसनं असली की एम-१. शाळेची ईको व्हॅन यातली. (तिच्याआधीची ओम्नी २०१९ साली बंद झाली. तुमच्या ताई-दादांना विचारा, त्यांना नक्की आठवेल.) आठाहून जास्त आसनं, पण वजन ५००० किलोपर्यंत, तर एम-२. त्याहून जड एम-३, म्हणजे आपली बेस्टची मोठी बस.

आता शाळेच्या व्हॅनचंच बघू. मधे फळी टाकून आणखी चार मुलं आणि त्यांची दप्तरं बसवली, तर बाहेरून व्हॅन तेवढीच दिसते. पण तिचे टायर, स्प्रिंगा आणि ब्रेक ठरलेल्या वजनासाठी बनवलेले असतात. वजन वाढलं की थांबवायला जास्त जोर लागतो. अमेरिकेत १५ जणांच्या मोठ्या व्हॅन असतात. तिथल्या रस्ता सुरक्षा खात्याने २००१ साली इशारा दिला, की दहा किंवा जास्त माणसं बसली तर अशी व्हॅन उलटण्याचा धोका जवळजवळ तिप्पट होतो. कारण माणसं भरली की गाडीचा भार वर आणि मागे सरकतो.

आई-बाबांसाठी एक काम. व्हॅनच्या आरसीत आसनसंख्या आणि रिकामं वजन लिहिलेलं असतं. ड्रायव्हरकाकांकडून ती एकदा मागून बघा. आणि दोस्तांनो, तुम्ही उद्या सकाळी व्हॅनमधली डोकी मोजा. स्वतःला विसरू नका हं!